ज्यूंच्या भोजनोत्तर प्रार्थनेचे नवे पाठ : मुभा कितपत?

प्रश्न :
‘बिर्कत हमाझोन’ या ज्यू भोजनोत्तर प्रार्थनेचे संक्षिप्त किंवा फेरफार केलेले पाठ अलीकडे अनेक प्रार्थनापुस्तकांत आढळतात. भाकरी खाल्ल्यावर ती म्हणणे तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या, आज्ञेने (त्यातील ‘अनुवाद’ नावाचे पुस्तक, ८:१०) बंधनकारक असेल, तर तिच्या शब्दांना हात लावण्याची मुभा कितपत आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :
आज्ञा आहे ती तृप्त झाल्यावर देवाला धन्यवाद देण्याची. प्रार्थनेचे शब्द तोरात नाहीत. तिच्यात चार आशीर्वाद आहेत. तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चांच्या ग्रंथातील ‘बेराखोत’ भागानुसार पहिला आशीर्वाद मोशेने, दुसरा यहोशवाने, तिसरा दावीद व शलमोन यांनी रचला आणि चौथा, बेतार येथे रोमनांविरुद्धच्या उठावात मारल्या गेलेल्यांना दफन करण्याची परवानगी मिळाली तेव्हा, यावने या विद्याकेंद्रात ठरवण्यात आला. म्हणजे चौथाही एके काळी नवाच होता. त्याच ग्रंथातील बिन्यामीन मेंढपाळ ‘या भाकरीचा धनी धन्य असो’ एवढेच म्हणतो आणि रव नावाचा धर्मपंडित त्याला मान्यता देतो. संक्षेपाचे समर्थक हा दाखला हमखास पुढे करतात, पण तेवढ्याने केवळ पहिलाच आशीर्वाद पुरा होतो आणि त्यातही देवाचे नाव हवे, हा तिथलाच खुलासा सोयीस्करपणे गाळला जातो.

प्रतिसाद :
खरा वाद दुसऱ्या आशीर्वादातील ‘आमच्या देहावर मुद्रित केलेला करार’ या ओळीचा आहे, कारण तिचा रोख सुंतेकडे, म्हणजे देवाशी झालेल्या कराराच्या खुणेकडे, आहे. स्त्रियांनी ती म्हणावी का, ही चर्चा जुनीच असून सोळाव्या शतकात क्राकूवचे धर्मपंडित मोशे इस्सर्लेस यांनी स्त्रिया ती म्हणत नाहीत अशी नोंद केली होती. आज काही जण ‘देहावर’ऐवजी ‘हृदयावर’ म्हणतात. दुसऱ्या आशीर्वादात कराराचा आणि तिसऱ्यात दाविदाच्या राज्याचा उल्लेख हवा, ही तालमूदची अट आहे आणि कराराचा उल्लेख येथे टिकतो, म्हणून मला हा बदल सौम्य वाटतो. तिसऱ्या आशीर्वादातून दाविदाच्या राज्याचा उल्लेख वगळणे मात्र त्याच कसोटीवर टिकणार नाही.

प्रतिसाद :
चार आशीर्वादांनंतर ‘तो दयाळू’ या संबोधनाने सुरू होणाऱ्या विनवण्या येतात आणि नव्या भरीला तिथे मोकळी जागा आहे. यजमानासाठी पाहुण्याने करावयाची प्रार्थना तिथेच म्हणतात. इस्राएल राष्ट्रासाठी, सैनिकांसाठी, तसेच सारा व हागार यांच्या वंशजांमधील, म्हणजे ज्यू व अरबांमधील, बंधुभावासाठीच्या विनवण्याही तिथेच जोडल्या गेल्या. संक्षेप करायचाच असेल, तर कात्री आधी येथे लावावी.