मदत हवी आहे: 'स्ट्रोल' हा शब्द रोजच्या इंग्लिश बोलण्यात नेमका कधी वापरायचा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, शंका बारीकशीच आहे पण घरी विचारायची सोय नाही, नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो 'वॉक म्हण की, कोण अडवतंय', म्हणून इथे धागा काढतेय.

आम्ही मूळचे नाशिकचे, नोकरीमुळे आता इंग्लंडात रेडिंगला आहोत. माझं शाळेचं शिक्षण मराठी मीडियममधलं, ग्रामर ठीकठाक आहे, ऑफिसचे ईमेल वगैरे जमतात, घोडं अडतं ते गप्पांच्या इंग्लिशमध्ये. आणि इथे लोक हवा आणि चालणं या दोन विषयांवर किती बोलतात काय सांगू. आमच्या शेजारच्या आजी रोज थेम्सच्या काठाने जाऊन येतात, त्या कधी 'वॉक' म्हणतात, कधी 'स्ट्रोल', एकदा 'अ लिटल वाँडर' म्हणाल्या, आणि शनिवारी ग्रुपबरोबर डबा घेऊन जातात ते म्हणे 'रॅम्बल'. मला त्यातला स्ट्रोल फार आवडलाय, पण डिक्शनरीत बघितलं तर हळूहळू आरामात चालणे, बस एवढंच. अर्थ कळला हो, वापर कळत नाहीये. म्हणजे हा फक्त स्पीडचा मामला आहे का? माझे सासरे गुडघ्यांमुळे हळू चालतात, मग ते रोज स्ट्रोल करतात असं म्हणायचं का?

मी काही वाक्यं बनवलीयेत, जाणकारांनी बघून सांगा प्लीज.

आय डू स्ट्रोल आफ्टर डिनर.
आय स्ट्रोल माय डॉटर टू स्कूल.
वी स्ट्रोल्ड इन द टाउन सेंटर ऑन संडे.
माय फादर-इन-लॉ स्ट्रोल्स बिकॉज हिज नीज हर्ट.
आय विल स्ट्रोल टू द स्टेशन क्विकली. (हे लिहितानाच मला कसंतरी झालं पण राहू दे)

आणि अजून एक, ऑफिसमध्ये मॅनेजर एका कलीगबद्दल म्हणाली, 'ही स्ट्रोल्ड इन ॲट हाफ टेन', तर सगळे हसले. मी पण हसले, पण त्यात हसण्यासारखं काय होतं?

हणम्या

शतपावली. विषय संपला, धागा बंद करा.

गोदाकाठ

अहो हणम्या, सकाळी अकरा वाजता नदीकाठी कोण शतपावली घालतं?

मास्तर_करवीर

ताई, प्रश्न चांगला आहे. मी बरीच वर्षं इंग्लिश शिकवतो आणि मुलं हाच घोळ घालतात, शब्दाचा अर्थ पाठ आणि वाक्यात टाकला की वाकडा.

आधी सासऱ्यांचं बघू. गुडघे दुखतात म्हणून हळू चालणं म्हणजे स्ट्रोल नाही. पाय हळू पडतात हा स्ट्रोलचा अर्धाच भाग झाला, उरलेला अर्धा म्हणजे मनाला घाई नसणं, जाताना मजा वाटणं. आपल्याकडे 'रमतगमत' म्हणतो ना, त्यात पायापेक्षा मनाचंच जास्त आहे, तसंच. त्यामुळे 'बिकॉज' जोडून दुखण्याचं कारण दिलं की वाक्य मोडलं. तिथे सरळ 'ही वॉक्स स्लोली बिकॉज हिज नीज हर्ट'. उद्या तेच सासरे संध्याकाळी मजेत नदीवर जाऊन आले, तर मात्र 'ही वेंट फॉर अ स्ट्रोल बाय द रिव्हर' म्हणा, गुडघे दुखत असले तरी चालेल. आणि स्टेशनचं वाक्य म्हणजे गरमागरम आइस्क्रीम, 'क्विकली' काढा किंवा 'स्ट्रोल' काढा.

आता 'आय डू स्ट्रोल'. यात ग्रामरची चूक नाही, पण तो 'डू' जोर देण्यासाठी येतो, म्हणजे कोणीतरी 'तू काही फिरत नाहीस' म्हणालं आणि तुम्ही ठणकावून सांगताय की फिरते मी! साध्या बोलण्यात 'आय युज्वली गो फॉर अ स्ट्रोल आफ्टर डिनर'. बोलताना स्ट्रोल नाम म्हणूनच जास्त कानावर पडतो, गो फॉर अ स्ट्रोल, टेक अ स्ट्रोल, इंग्लंडात हॅव अ स्ट्रोल पण. क्रियापद म्हणून बरोबरच आहे, फक्त ते गोष्ट सांगताना, प्रवासवर्णनात, पेपरात जास्त. आणि कृपा करून 'गो फॉर स्ट्रोलिंग' नको, आपण 'गोइंग फॉर वॉकिंग' म्हणतो तीच सवय तिथे घुसते.

मुलीचं वाक्य तर होतच नाही. वॉकला माणूस किंवा कुत्रा कर्म म्हणून चालतो, 'आय वॉक माय डॉटर टू स्कूल', 'आय वॉक द डॉग', स्ट्रोलला नाही चालत. तुम्ही कोणाला स्ट्रोल करू शकत नाही, फक्त स्वतः करू शकता. जागा मात्र चालते, 'स्ट्रोल द स्ट्रीट्स' असं छापलेलं दिसेल, पण बोलताना मध्ये अव्यय घाला. नदी, समुद्र, रस्ता असं लांबलचक काही असेल तर अलाँग, बाग किंवा बाजार असेल तर थ्रू किंवा अराउंड. म्हणून टाउन सेंटरला 'स्ट्रोल्ड अराउंड'. 'इन' अगदी चूक नाही, पण फिरलो हे त्यात नीट येत नाही.

लीड्सची_मावशी

मास्तरांना अनुमोदन. त्या कलीगचं मी सांगते. हाफ टेन म्हणजे इथे साडेदहा, साडेनऊ नाही, आधी ते पक्कं कर कारण जर्मन लोक साडेनऊला 'अर्धा दहा' म्हणतात आणि तुझ्या ऑफिसात एखादा जर्मन असेल तर मीटिंगची वाट लागते. तर ऑफिस नऊचं, हे साहेब साडेदहाला आले, आणि आले ते धावतपळत सॉरी म्हणत नाही तर बागेत आल्यासारखे. 'स्ट्रोल्ड इन' म्हणजे 'आले महाराज टिवल्याबावल्या करत'. हसण्यासारखं ते. वेळ आणि 'इन' बरोबर आला की स्ट्रोल हा टोमणा असतो असं धरून चाल. स्वतःबद्दल गमतीत म्हणू शकतेस, बॉसबद्दल म्हणू नकोस.

दुसरं, डॉक्टरकडे हा शब्द जपून. इथे एनएचएसवाले, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेवाले, आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात आणि त्यात 'ब्रिस्क वॉक' धरतात, साधारण ताशी ३ मैल, आणि ते स्वतःच लिहितात की हे स्ट्रोलपेक्षा जास्त वेगाचं. त्यांची खूण अशी की चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये. तर जीपीने, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरने, व्यायामाचं विचारलं आणि तू कौतुकाने 'आय स्ट्रोल एव्हरी डे' म्हणालीस तर ती ऐकणार की ही बाई व्यायाम करत नाही. तिथे 'आय गो फॉर अ ब्रिस्क वॉक' म्हण, करत असशील तर.

आणि घर शोधताय का? जाहिरातीत 'अ शॉर्ट स्ट्रोल फ्रॉम द स्टेशन' दिसलं की आधी मॅपवर अंतर मोजायचं. एजंट लोकांचा शॉर्ट स्ट्रोल चढावर पंचवीस मिनिटांचा पण असतो, पावसात पिशव्या घेऊन चढलेय मी, म्हणून सांगते.

भटकभवानी

त्या आजींचं 'रॅम्बल' राहिलं की. ब्रिटनमध्ये त्याला बराच मोठा इतिहास आहे. रॅम्बल म्हणजे गावाबाहेर, शेताकुरणांतून लांबवर चालणं, बूट-नकाशा-डबा सगळं घेऊन. पूर्वी डोंगरमाळ जमीनदारांच्या ताब्यात, शिकारीसाठी राखलेले, गिरणीतल्या कामगारांना रविवारी मोकळ्या हवेत जायचं तर बंदी. १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरकडच्या शेकडो लोकांनी ठरवून किंडर स्काउटच्या पठारावर घुसखोरी केली, काहींना तुरुंग पण झाला. मग १९३५ मध्ये रॅम्बलर्स असोसिएशन निघाली, ती अजून आहे, आजींचा ग्रुप बहुतेक तिचाच असेल. तर रॅम्बलला स्ट्रोल म्हणालीस तर आजींना राग येईल, दिवसभर चिखल तुडवून आलेल्या असतात त्या. वाँडर म्हणजे नुसतं भटकणं, कुठे जायचं ते ठरलेलं नाही. स्ट्रोलमध्ये कुठे जायचं ते ठरलेलं असलं तरी चालतं, घाई नको एवढंच.

एक अवांतर, 'सॉन्टर' पण असाच शब्द, त्याची एक छान गोष्ट व्हॉट्सॲपवर आली होती की मध्ययुगात लोक 'सॅंत तेर' म्हणजे पवित्र भूमीला चाललोय सांगत भटकायचे त्यावरून सॉन्टर.

मास्तर_करवीर

ती गोष्ट थोरो या अमेरिकन लेखकाने आपल्या चालण्यावरच्या निबंधात लोकप्रिय केली, तो छापून आला १८६२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर महिन्याभरात. निबंध सुंदर आहे, व्युत्पत्तीला आधार नाही, कोशकार ती मानत नाहीत. सॉन्टरमध्ये थोडी ऐट असते, खिशात हात घालून 'मला कोण काय म्हणतंय' असं चालणं. 'ॲम्बल' मूळचा घोड्याच्या चालीचा शब्द, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. आणि तुमचा स्ट्रोल सतराव्या शतकात इंग्लिशमध्ये आला तेव्हा फारसा सभ्य नव्हता, बहुधा उनाड भटक्या अशा अर्थाच्या जर्मन शब्दावरून. गावोगाव हिंडून खेळ करणाऱ्या नटांना 'स्ट्रोलिंग प्लेअर्स' म्हणायचे. नंतर शब्द सुधारला आणि रविवारी बागेत जायला लागला.

कसोटीप्रेमी

क्रिकेट कॉमेंटरी ऐका हो, फुकट क्लास आहे. बॉल डीप पॉइंटला गेला की 'दे स्ट्रोल थ्रू फॉर अ सिंगल', पळायची गरजच नाही म्हणून. बॉलर कमी रनअपचा असेल तर 'ही ॲम्बल्स इन'. आणि सोपी मॅच जिंकली तर 'स्ट्रोल्ड टू व्हिक्टरी'. फक्त 'ही वॉक्ड' ऐकलं तर ते वेगळंच, अंपायरची वाट न बघता बॅट्समन स्वतःहून निघाला, २००३ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला गिलख्रिस्ट श्रीलंकेविरुद्ध गेला तसा. तिथे 'गिलख्रिस्ट स्ट्रोल्ड' म्हटलं तर सगळी नीतिमत्ताच गेली.

एडिसनचा_बंड्या

अमेरिकेत आलात तर लक्षात ठेवा, इथे 'स्ट्रोलर' म्हणजे फिरणारा माणूस नव्हे, बाबागाडी! आई पहिल्यांदा आली तेव्हा मॉलमध्ये 'स्ट्रोलर्स' आणि बाणाची पाटी बघून म्हणाली, अरे वा, फिरायला वेगळा रस्ता केलाय. इंग्लंडात तेच पुशचेअर किंवा बगी, आणि तान्ह्या बाळाची असेल तर प्रॅम.

आणि कोणाला चिडून 'टेक अ वॉक' म्हणाल तर त्याचा अर्थ 'चल फूट इथून'. 'टेक अ हाइक' पण तसंच. टेक अ स्ट्रोलला असला वास नाही, बिनधास्त वापरा. सोपं काम या अर्थी मात्र 'अ वॉक इन द पार्क'च, तिथे स्ट्रोल घुसवू नका, तो ठरलेला वाक्प्रचार आहे.

हणम्या

एवढं चालून तर मी दमलो. कोणी 'पाय मोकळे करून येतो'चं सांगा, मला ऑफिसमधून सटकताना लागतं.

लीड्सची_मावशी

'आय ॲम जस्ट गोइंग टू स्ट्रेच माय लेग्ज.' सटकायला हेच बरं, स्ट्रोल म्हणालास तर मावळतीपर्यंत येत नाहीस असं समजतील.

गोदाकाठ

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार! म्हणजे मी समजले ते असं की पोचायचं असेल, व्यायाम असेल, कुत्रा असेल तर वॉक, आणि नुसतं मजेत जायचं असेल तर स्ट्रोल, तोही शक्यतो 'गो फॉर अ' लावून. आता परत वाक्यं, तपासा.

वी हॅड अ लव्हली स्ट्रोल अलाँग द रिव्हर येस्टर्डे.
माय फादर-इन-लॉ लाइक्स अ शॉर्ट स्ट्रोल इन द इव्हनिंग, बट ही हॅज टू टेक इट स्लोली.
आय हॅड टाइम, सो आय स्ट्रोल्ड टू द स्टेशन.
आय ॲम गोइंग फॉर अ स्ट्रोल, वुड यू लाइक टू कम विथ मी, इफ यू आर फ्री?

शेवटचं वाक्य शेजारच्या आजींसाठी आहे, रविवारी विचारायचा विचार आहे. आणि लिहिताना स्ट्रोल्डमध्ये एल किती? ट्रॅव्हल्डला इथे दोन लिहितात म्हणून गोंधळ झाला.

मास्तर_करवीर

चारही पास. स्टेशनचं वाक्य आता झकास झालं, 'आय हॅड टाइम' ने सगळं काम केलं. एल दोन, पण मूळ शब्दातच दोन आहेत, ईडी लावताना वाढवायचं काही नाही. ट्रॅव्हलला मुळात एकच, ब्रिटिश लोक तो दुप्पट करतात, अमेरिकन करत नाहीत. स्ट्रोल्ड दोन्हीकडे सारखाच.

लीड्सची_मावशी

आजींचं वाक्य बरोबर आहे पण लग्नाच्या आमंत्रणासारखं वाटतंय गं. कुंपणावरून नुसतं 'फॅन्सी अ स्ट्रोल?' विचार. इथे रोज बोलतात ते असंच. आणि 'फॅन्सी अ रॅम्बल?' असं उलट विचारलं त्यांनी तर हो म्हणायच्या आधी चिखलाचे बूट आहेत का घरात ते बघ.