शब्दचर्चा : वनस्पतिदेह असलेल्या खेळपात्रांच्या वंशाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

अद्भुतरम्य भूमिकाखेळाची (ज्यात प्रत्येक खेळाडू एखादे काल्पनिक पात्र वठवतो, अशा खेळाची) नियमावली मराठीत उतरवताना मी एका शब्दापाशी अडलो आहे. ज्यांचे शरीर झाडाचे, वेलीचे किंवा अळंबीचे असते, पण जी माणसांप्रमाणे चालतात, बोलतात आणि विचार करतात, अशी पात्रे खेळाडूला निवडता येतात. या सर्वांसाठी मी प्रथम 'वनस्पतिजन्य वंश' असे लिहिले. मात्र वाचताना ते तेलातुपाचे वर्णन वाटू लागले. 'वृक्षमानव' म्हणावे, तर वेली आणि अळंब्या बाहेर राहतात. शिवाय 'वंश' हा शब्द तरी येथे योग्य आहे का?

उत्तर

आपली शंका दोन शब्दांविषयीची आहे, म्हणून दोन्हींचा स्वतंत्र विचार करावा लागेल.

'वंश' या शब्दाविषयीचा संकोच समजण्यासारखा आहे. मूळ इंग्रजी खेळांनीही 'रेस' हा शब्द सोडून दिला आहे : पाथफाइंडरच्या 2019 मधील दुसऱ्या आवृत्तीने 'अँसेस्ट्री' हा शब्द घेतला आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2024 मधील खेळाडू-पुस्तिकेने 'स्पीशीज'. त्यामुळे मराठीत 'प्रजाती' लिहिण्याचा मोह होतो. परंतु आपल्या वनस्पतिशास्त्रीय परिभाषेत, उदाहरणार्थ मराठी विश्वकोशात, 'जाती' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे त्यावरची पायरी, जीनस. वर्तमानपत्रांत मात्र 'प्रजाती' सर्रास स्पीशीजसाठी वापरला जातो. ज्या पात्राचे शरीरच झाडाचे आहे, त्याच्या बाबतीत हा घोटाळा विशेष जाचक ठरेल. 'जात' या शब्दाला आपल्या समाजात जो अर्थ चिकटला आहे, तो पाहता त्याचा विचारही करू नये.

'वंश' मात्र मला मनापासून योग्य वाटतो, कारण तो मुळातच वनस्पतीचा शब्द आहे. संस्कृतात 'वंश' म्हणजे बांबू, वेळू. पेरामागून पेर फुटत बांबू वाढतो, तशी पिढीमागून पिढी वाढते, या साम्यामुळे कुळाच्या परंपरेला 'वंश' म्हणू लागले. आपण घराच्या आढ्याला लावतो तो 'वासा'ही याच शब्दापासून आला आहे. पात्रपत्रिकेच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहिण्याच्या कागदाच्या, पहिल्या रकान्यात 'वंश' असे छापलेले असावे आणि त्यापुढे खेळाडूने एखाद्या वेलीचे नाव लिहावे, इतका नेमका योग पुन्हा जुळणे कठीण आहे.

आता समूहवाचक विशेषणाकडे वळू. 'वनस्पती' हा शब्द आज सगळ्या झाडाझुडपांना लावतात, पण मनुस्मृतीत आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो फुलांवाचून फळणाऱ्या झाडांपुरता, म्हणजे उंबरासारख्यांपुरता मर्यादित होता. ही मर्यादा आज कोणी पाळत नाही आणि पाळण्याची गरजही नाही. खरी अडचण अळंबीची आहे. रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1969 मध्ये मांडलेल्या पाच सृष्टींच्या वर्गीकरणापासून कवकांची, म्हणजे अळंबी ज्यांत मोडते त्या बुरशीवर्गीय जीवांची, सृष्टी वनस्पतींपासून वेगळी मानली जाते. कवकांच्या पेशीभित्तीत कायटिन असते, वनस्पतींच्या पेशीभित्तीत सेल्युलोज. खेळ मात्र हा भेद पाळत नाहीत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत मायकोनिड हे अळंबीजन 'प्लँट' याच प्रकारात मोडतात, आणि पाथफाइंडरमधील लेशी हा वंश भोपळा, निवडुंग, वेल यांच्याबरोबरच कवकाचेही शरीर धारण करू शकतो.

म्हणून मी 'उद्भिज्ज' हा शब्द सुचवतो. जरायुज (गर्भवेष्टनातून जन्मणारे), अंडज (अंड्यातून जन्मणारे), स्वेदज (घामातून जन्मणारे) आणि उद्भिज्ज ही जीवांची जुनी चतुर्विध विभागणी ऐतरेय उपनिषदात आढळते. 'उद्भिद्' म्हणजे फोडून वर येणे. जमीन फोडून जन्मते ते उद्भिज्ज. येथे निकष जन्माच्या रीतीचा असल्यामुळे वड, दुधी आणि अळंबी एकाच शब्दात सहज सामावतात. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सुश्रुतसंहितेत चालत्याफिरत्या जीवांचे वर्ग सांगताना 'उद्भिज्ज' म्हणून इंद्रगोप (पावसाळ्यात दिसणारा लाल किडा) आणि बेडूक यांची नावे येतात. जमिनीतून वर आलेला, पण चालणारा जीव, असा अर्थ या शब्दाने पूर्वीच पेललेला आहे. आपल्या पात्रांना तोच तर हवा आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

व्युत्पत्ती पटली, परंतु खेळ रंगात आला असताना कोणी 'मी उद्भिज्ज आहे' असे म्हणेल, हे मला अवघड वाटते. 'वेलजन', 'तरुजन' असे सोपे शब्द का नकोत?

उत्तर

आपला आक्षेप रास्त आहे, आणि त्यावर उपाय म्हणून दोन पातळ्या वेगळ्या ठेवाव्यात. 'उद्भिज्ज' हा नियमांचा शब्द असू द्यावा, कारण तेथे नेमकेपणा लागतो : वनस्पती सुकवून टाकणारा एखादा मंत्र कोणाला अधिक बाधतो, हे त्या प्रकारावरच ठरते. बोलताना मात्र प्रत्येक वंशाचे स्वतःचे नाव पुढे यावे, आणि तेथे आपले 'वेलजन', 'अळंबीजन' उत्तम शोभतील. लेशी हे नाव तसेच ठेवावे; ते स्लाव्ह लोककथांतील वनदेवतेचे विशेषनाव आहे आणि त्याच्या मुळाशी 'अरण्य' या अर्थाचा शब्द आहे.

पाथफाइंडरमधील एका नियमाचे वाक्य दोन्ही पातळ्यांवर लिहून पाहिले, ते असे : 'प्रकाशसंश्लेषणावर जगणारा उद्भिज्ज वंशाचा जीव सलग एक आठवडा सूर्यप्रकाशाविना राहिल्यास त्याची उपासमार सुरू होते.' खेळताना हेच असे बोलले जाईल : 'भुयारात शिरून सहा दिवस झाले, आता आपल्या वेलजनाला ऊन दाखवले पाहिजे.' दोन्ही वाक्ये मला मराठी वाटतात.

लिहिताना एवढेच सांभाळावे, की 'उद्भिद्' आणि 'ज' यांच्या संधीमुळे 'ज्ज' हे जोडाक्षर येते, ते तसेच ठेवावे. आणि 'उद्भिज्ज प्राणी' असे न लिहिता 'उद्भिज्ज जीव' असे लिहावे, कारण आजच्या मराठीत 'प्राणी' म्हटले की वनस्पती वगळल्या जातात.