नवीन शहरात खायला कुठे जायचं: रेटिंग बघून की माणसांना विचारून?

पोटोबा:
मोठ्या शहरात पहिल्यांदा जाणारे लोक हल्ली गाडीतून उतरल्या उतरल्या फोन काढतात, जवळपासची हॉटेलं शोधतात, साडेचारच्या वर रेटिंग असलेलं पहिलं निवडतात आणि तिथे जे खातात ते कुठल्याही शहरात मिळालं असतं. माझं स्पष्ट मत आहे की तिथली खासियत खायची असेल तर रेटिंगचा उपयोग नाही. मार्क देणारे बरेचसे आपल्यासारखेच बाहेरून आलेले असतात आणि ते मार्क देतात एसीला, पार्किंगला, वेटर नीट बोलला का त्याला. आणि खोटेपणा किती सहज चालतो बघा, २०१७ साली लंडनच्या एका पत्रकाराने घरामागची शेड रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझर या रिव्ह्यूच्या साइटवर टाकली, ओळखीच्यांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले आणि तोवर तिथे एकही गिऱ्हाईक जेवलेलं नसताना ती शेड अख्ख्या लंडनात पहिल्या नंबरला गेली!! त्यापेक्षा माणसांना विचारा.

रानवाट:
सहमत नाही. माणसांना म्हणजे नक्की कोणाला? ओळख ना पाळख, रस्त्यात थांबवलं की माणूस पटकन आठवेल ते सगळ्यात प्रसिद्ध नाव सांगून मोकळा होतो, पाहुण्याला भलतीकडे पाठवायला नको म्हणून. रिक्षा-टॅक्सीवाल्याला विचाराल तर काही ठिकाणी त्याचं कमिशन ठरलेलं असतं. आणि रेटिंगचा उपयोगच नाही असं सरसकट कसं म्हणता? मायकल लूका हार्वर्डमध्ये असतानाचा त्याचा २०११ चा येल्पवरचा (लोक हॉटेलांना स्टार देतात ती अमेरिकन साइट) अभ्यास आहे, एक स्टार वाढला की रेस्टॉरंटचा धंदा ५ ते ९ टक्के वाढतो असं त्यात निघालं, पण हा फायदा फक्त स्वतंत्र, एकट्या-दुकट्या हॉटेलांना दिसला, चेनवाल्यांना नाही. जिथे येल्प पसरलं तिथे चेनचा वाटा उलट कमी झाला. म्हणजे ज्या छोट्या जागांचा तुम्हाला पुळका आहे त्यांनाच रेटिंगने हात दिलाय.

पोटोबा:
हो, आणि एका स्टारमागे एवढे पैसे आहेत म्हणूनच खोटे रिव्ह्यू विकत मिळतात. माणसांचं म्हणाल तर प्रश्नच चुकीचा विचारला जातो. 'इथे चांगलं हॉटेल कुठलं' असं विचारलं की पाहुण्याला सांगायचं उत्तर येणार. पदार्थाचं नाव घेऊन विचारा, 'हे खायचं असलं तर तुम्ही स्वतः कुठे जाता?' मग समोरचा थांबतो, विचार करतो, शेजारच्याला विचारतो, कधीकधी तिथेच दोघांचा वाद लागतो, आणि त्या वादात जी दोन नावं येतात ती लिहून घ्यायची.

मीनल_:
हे सगळं ऐकायला छान आहे पण बाई एकटी फिरत असेल, रात्रीचे नऊ वाजलेत, भाषा येत नाही, तर तिने कोणाकोणाला थांबवून विचारायचं? मला आधी हे कळायला हवं की जागा कशी आहे, बायका-मुलं बसतात का, रस्त्यावर उजेड आहे का. गिऱ्हाइकांनी काढलेल्या फोटोंत ते दिसतं, मालकाने टाकलेल्या फोटोंत नाही. ज्यांना एखाद्या गोष्टीची ॲलर्जी आहे त्यांना तर रिव्ह्यू वाचण्यावाचून पर्याय नाही (आणि तरी जागेवर विचारावं लागतंच).

नंदू७:
दोन्ही बाजू हॉटेलावर भांडताय, पण खासियत हॉटेलात असतेच असं कोणी सांगितलं? खूपसे पदार्थ घरात होतात, सणाला होतात, ठराविक मोसमातच होतात आणि तिथले लोक ते बाहेर खातच नाहीत. म्हणून आधी काय खायचं ते ठरवा, कुठे ते नंतर. सकाळी मंडईत चक्कर मारा, त्या दिवसात काय आलंय ते दिसतं, आणि विकणाऱ्याला याचं काय करतात विचारलं की तो कौतुकाने सांगतो. वेळेचंही तसंच. जी गोष्ट तिथले लोक सकाळी खातात ती रात्री मागितली तर उरलेली तरी मिळेल नाहीतर पाहुण्यांसाठी केलेली.

रानवाट:
नंदू, काय खायचं ते आधी, हे एकदम मान्य. पण मग पुढचं काम फोनच करतो ना, पदार्थाचं नाव तिथल्या लिपीत लिहून रिव्ह्यूंमध्ये शोधायचं, नवे रिव्ह्यू आधी लावायचे, पाच आणि एक स्टारवाले सोडून मधले वाचायचे. तीन स्टार देणारा माणूस सहसा कारण लिहितो, काय आवडलं आणि काय नाही.

पोटोबा:
पदार्थाचं नाव शोधायचं हे ठीक. पण तिथली भाषा येते म्हणून माणूस तिथलाच असं थोडंच आहे? माझा मूळ मुद्दा तोच होता, लिहिणारा त्या शहरातला की पाहुणा हे तुम्हाला कसं कळणार?

रानवाट:
त्याच्या नावावर टिचकी मारून. बाकीचे रिव्ह्यू त्याच शहरातल्या गॅरेजचे, दाताच्या दवाखान्याचे, सलूनचे असतील तर तो तिथेच राहतो. फिरायला आलेला माणूस गॅरेजला स्टार देत बसत नाही.