अनुभव धागा: दिवाळीची ऑनलाइन खरेदी आणि खान्देशातली पार्सलं

घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत पार्सलांची रीघ लागते. मागवणारे, पाठवणारे, पोचवणारे, सगळ्यांनी कामाचं तेवढं लिहा.

चोपडा, पापड-मसाला विक्री
पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी याच दिवसांत येतात आणि नफा खोक्यातच जातो. कुरिअरवाले काट्यावरचं वजन बघतात, शिवाय लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. जे जास्त भरेल त्याचे पैसे. दोन किलो उडदाचे पापड ४०×३०×२० च्या खोक्यात घातले तर ४.८ किलोचं भाडं पडतं. ३०×२०×१५ चं खोकं घेतलं तर १.८ येतं, म्हणजे काट्यावरच्याच वजनाचे पैसे.

पापड उन्हातून काढल्या काढल्या पिशवीत भरू नका. पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर आत दमटपणा धरतो आणि बुरशी येते. चळतीच्या खाली-वर पुठ्ठ्याची चकती ठेवा, कडेच्या फटीत कागद कोंबा. खोकं हलवल्यावर आवाज आला तर पापड फुटणारच. काळ्या मसाल्याला दुहेरी पिशवी लागते, तेल झिरपून पत्ता पुसला जातो. बारकोडवर सुरकुतलेली चिकटपट्टी नको, स्कॅन होत नाही.

भुसावळ, पार्सल वाटप
पिंप्री, वडगाव नावाची गावं किती आहेत! तालुका आणि पिन लिहाच, जवळची खूणही द्या: मारुतीचं मंदिर, दूध डेअरी. मळ्यात राहणाऱ्यांनी गावातल्या दुकानाचा पत्ता दिलेला बरा.

धडगाव
सातपुड्यात रेंजचा भरवसा नाही. ओटीपी आला नाही तर पार्सल परत जातं. रेंजमध्ये असणाऱ्या घरच्या माणसाचा दुसरा नंबर द्या. धनत्रयोदशीला वस्तू हवी तर दसऱ्यालाच मागवा.

जळगाव, हिशेबाचं काम
क्रेडिट कार्डावरच्या बिनव्याजी हप्त्यातही प्रक्रिया शुल्क असू शकतं. बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत मिळते; पण त्या व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो. ते धरून फुले मार्केटच्या भावाशी ताडून बघा.

टीव्ही, फ्रीज कंपनीचा माणूस आल्यावरच उघडा. बाकीच्या पार्सलाचा व्हिडिओ सील आणि पत्ता दाखवत सुरू करा, मध्ये थांबवू नका. तक्रार आधी विक्री संकेतस्थळाकडे करा. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते. नाही दिली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. फसवणुकीने खात्यातून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनला.