भाचीला वर्षभर शांघायला पाठवावं का? दोन देशांची मैत्री आणि आपली तरुण पोरं

परळचा_मामा

माझी भाची वीस वर्षांची आहे. दोन वर्षं दादरला चिनी भाषेचा क्लास केला, आता वर्षभर शांघायला राहून शिकायचं म्हणते. आठ दिवस घरात खडाजंगी चालू आहे. भावोजी म्हणतात, "जपानी शिक, जर्मन शिक, शत्रूच्या देशात कशाला?" ताई मधल्या मध्ये रडकुंडीला आली आहे. मी भाचीच्या बाजूने आहे. हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही, म्हणून इथे मांडतो.

मी केईएमच्या मागच्या गल्लीत राहतो. त्याच आवारातल्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला सोलापूरचा एक पोरगा सप्टेंबर १९३८मध्ये मुंबईहून बोटीने चीनला निघाला. द्वारकानाथ कोटणीस. अजून अठ्ठावीस पूर्ण व्हायची होती. जपानने चीनवर चाल केली होती, चिनी सेनापती झू द यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले होते, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी असे पाच डॉक्टर गेले. पाचांनीही आपल्या चिनी नावापुढे 'हुआ' लावून घेतलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस तिथे 'के दीहुआ' झाले.

बाकीचे परत आले, हे राहिले. चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. तिथल्या बेथून हॉस्पिटलचे प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं, यिन म्हणजे भारत. तो काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ला, अपस्माराच्या झटक्याने गेले. वय ३२. पुढे अनेक वर्षं चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना आवर्जून भेटत.

मला म्हणायचंय ते एवढंच, की हे आठ दिवसांच्या सद्भावना दौऱ्याने होत नाही. २०१४मध्ये दोन्ही सरकारांनी ठरवलं होतं की दर वर्षी एकमेकांचे २०० तरुण पाठवायचे. चांगलंच आहे. पण भाषा न येणारं पोर शिष्टमंडळासोबत भिंत बघून येतं, टोपी घेऊन येतं, दोस्त घेऊन येत नाही. वर्षभर राहिलं, तिथल्या बाजारात भाजी घेतली, आजारी पडलं, भांडलं, की मग काही उरतं. तुम्हाला काय वाटतं?

माजी_सुभेदार

मामा, कोटणीसांपुढे शंभरदा मान झुकवतो. पण मी सातारचा, २४ वर्षं फौजेत काढली, त्यातली काही तवांगच्या वर. तुमच्याशी सहमत नाही.

तिथे सीमेवरच्या बुमला खिंडीत दोन्ही फौजांची बैठक असायची. १५ ऑगस्टला आपण त्यांना बोलवायचं, १ ऑक्टोबरला, त्यांच्या राष्ट्रीय दिनी, ते आपल्याला. एकदा एक चिनी पोरगा माझ्यासमोर बसला होता. माझ्या थोरल्याच्या वयाचा, थंडीने गाल तडकून लाल झालेले. मी सोनपापडीचा डबा पुढे केला. त्याने एक तुकडा खाल्ला आणि दुसरा हळूच रुमालात बांधून खिशात घातला. कोणासाठी नेत होता कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या दुर्बिणीमागे, मी माझ्या. त्याचा माझ्यावर राग नव्हता, माझा त्याच्यावर नव्हता. तरी वरून हुकूम आला असता तर दोघांनीही तो पाळला असता.

१५ जून २०२०ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले. ते काय दोन्हीकडच्या पोरांची ओळखदेख नव्हती म्हणून? हुकमापुढे ओळखी चालत नाहीत. आणि एक व्यवहाराची गोष्ट. चीनमध्ये २०१७पासून कायदा आहे, प्रत्येक नागरिक आणि संस्था गुप्तचर खात्याला मदत करायला बांधील आहे. तुमच्या भाचीची मैत्रीण मनाने कितीही चांगली असो, तिला नाही म्हणता येणार नाही.

जुनी_पानं

सुभेदारांना दुजोरा. आधी भावना बाजूला ठेवून तारखा बघू या.

भारत-चीनचा पंचशील करार २९ एप्रिल १९५४चा. 'हिंदी-चीनी भाई भाई'च्या घोषणा देणारे बहुतेक तरुणच होते आणि मनापासून देत होते. कराराची मुदत आठ वर्षांची, ती जून १९६२मध्ये संपली. ऑक्टोबरात युद्ध. घोषणा देणाऱ्यांना कोणी विचारलंही नाही.

दुसरं उदाहरण कोटणीसांचंच घ्या. ते जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर उपचार करायला गेले. आज त्याच जपानच्या कर्जातून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन होते आहे आणि चीनशी आपण ताठ आहोत. शत्रू-मित्र हे राज्यांच्या हितावर ठरतं. कोटणीसांचं आयुष्य मोठं होतं, पण त्याने धोरण बदललं नाही. नेत्यांनी त्यांच्या घरच्यांना भेटणं हे मला त्यांच्या नावाचा वापर वाटतो, आणि त्याचं मला वाईट वाटतं. उद्या भाचीचाही असाच फोटो कुठेतरी छापला जाईल.

माझगावची

तुम्ही सगळे शांघायबद्दल बोलताय. जरा माझगावला या.

नवाब टँकजवळ एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर चिनी देऊळ आहे, शंभर वर्षांहून जुनं. लाकडी जिना चढून गेलं की लाल मेणबत्त्या, उदबत्त्यांचा धूर आणि भविष्य सांगणाऱ्या बांबूच्या काड्या. आता हातावर मोजण्याइतकी कुटुंबं उरली. माझ्या आजीच्या चाळीत एक चिनी चांभार कुटुंब होतं. आजी सांगायची, त्यांच्या मुलीला 'ळ' आपल्यापेक्षा चांगला म्हणता यायचा. ६२ साली त्यांच्या दारात पोलीस येऊ लागले, परवानगीशिवाय शहराबाहेर जायचं नाही. चाळीतल्या मुलांनी त्या मुलीला लगोरीत घेणं बंद केलं. एक दिवस घराला कुलूप दिसलं. देशभरातल्या तीनेक हजार चिनी वंशाच्या लोकांना तेव्हा राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. हे कुटुंब कुठे गेलं ते आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. तिने त्यांची एक परात जपून ठेवली होती, उसनी आणलेली.

म्हणून माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. आजही लोकलमध्ये मणिपूरच्या मुलीला 'चिंकी' म्हणणारी पोरं आपलीच आहेत. करोनात तर विचारूच नका. तरुणांनी मैत्री करावी असं खरंच वाटत असेल तर आधी डब्यातल्या त्या मुलीला बसायला जागा द्या, तिच्यासाठी तोंड उघडा. त्याला व्हिसा लागत नाही.

परळचा_मामा

माझगावची ताई, परातीचं वाचून पोटात तुटलं. तुमचं म्हणणं मान्य. पण एक केलं की दुसरं करायचं नाही असं थोडंच आहे?

डोंबिवलीचा_डॉक

मी एमबीबीएस हुबेई प्रांतात केलं, त्यामुळे ऐकीव नाही, अंगावरचं सांगतो.

आम्हा परदेशी मुलांचे वर्ग इंग्रजीत आणि वेगळे. वॉर्डात मात्र पेशंट चिनी. पहिल्या दिवशी शिकवलेलं वाक्य "नाली बू शूफू?", म्हणजे कुठे त्रास होतोय? मी ते घोकून एका आजीबाईंच्या खाटेपाशी गेलो. त्या बोलल्या गावच्या बोलीत, मला ओ की ठो कळेना. शेजारी एक चिनी विद्यार्थी होता. तो त्यांची बोली ऐकायचा आणि मला शाळेतल्या मुलासारखं सावकाश, सोप्या चिनीत सांगायचा. रोज, तीन महिने. आजीबाई घरी जाताना माझ्या एप्रनच्या खिशात सोललेली संत्री घालून गेल्या.

जानेवारी २०२०ला सुट्टीत घरी आलो तो अडकलोच. तेवीस हजारांवर भारतीय विद्यार्थी असे अडकले होते. मोबाइलवर शरीरशास्त्र शिकलो. २९ जूनला सरकारने ५९ ॲप बंद केली, त्यात चिनी लोकांचं बोलायचं ॲप वीचॅट. त्या मित्राशी बोलायची एकच वाट होती, ती एका रात्रीत गेली. त्या महिन्यात जे घडलं होतं त्यानंतर मी तक्रार कुठल्या तोंडाने करणार? सुभेदारकाका, तुमचं खरं आहे, हुकमापुढे आमची मैत्री चालली नाही.

पण पुढचं ऐका. २०२१च्या मे महिन्यात, इथे ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू असताना, कॉलेजच्या ईमेलवर त्याचं पत्र आलं. पत्ता त्याने आमच्या एका सरांकडून मिळवला होता. दोनच ओळी. 'तुझ्या आजीबद्दल तू सांगायचास. ती बरी आहे का?' माझी आजी आठ दिवसांपूर्वी गेली होती.

त्या पत्राने गलवानचं काही भरून निघत नाही, मला माहीत आहे. 'जुनी_पानं', तुम्ही धोरण बदललं का विचारता. नाही बदललं. पण ऑक्टोबर २०२५मध्ये कोलकाता-ग्वांगझू विमान पुन्हा सुरू झालं, त्याआधी मानसरोवरची यात्राही सुरू झाली. सरकारं वाट बंद करतात, सरकारंच उघडतात. उघडल्यावर पलीकडे आपलं कोणी ओळखीचं असावं असं मला वाटतं. आणि सुरक्षेच्या दृष्टीने बघायचं तरी, शेजाऱ्याची भाषा येणारी माणसं आपल्याकडे हवीत की नकोत?

जुनी_पानं

भाषेचा मुद्दा मान्य. तज्ज्ञ हवेतच. पण त्याला मैत्री म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं शेवटपर्यंत राहील. डॉक, आजीबद्दल वाचून वाईट वाटलं.

परळचा_मामा

काल हा धागा ताईला आणि भावोजींना वाचून दाखवला. भावोजी सुभेदारांचं दोनदा वाचायला लावून "बघ, मी काय सांगत होतो" म्हणाले. डॉकच्या पत्रापाशी आल्यावर मात्र काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत गेले. ताईचा एकच प्रश्न आहे, "पोर तिथे तापाने फणफणली तर डॉक्टरला काय सांगेल?"

डोंबिवलीचा_डॉक

मामा, ताईंसाठी माझा नंबर तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) करतो. भाचीला रविवारी डोंबिवलीला पाठवा. ताप, उलट्या, पोटदुखी, ॲलर्जी, एवढे शब्द दोन तासांत पाठ करून घेतो.

माजी_सुभेदार

माझं मत तेच आहे. तरीही जाणारच असेल, तर पोहोचल्याच्या दिवशी आपल्या वकिलातीत नाव नोंदव म्हणावं. शांघायला आपलं कॉन्सुलेट आहे, त्यांचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेव, नुसता मोबाइलमध्ये नको. फोटो काढताना मागे काय आहे ते बघ, लष्कराचं काही दिसलं तर कॅमेरा खाली. आणि दर रविवारी आईला फोन.