'टिपरें'च्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर कशा घ्यायच्या?

कोथरूडकर: 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेच्या सात ई-१८० (तीन तासांच्या) कॅसेटी, केबलवरून रेकॉर्ड केलेल्या. दोनांवर पांढरे डाग आहेत. आबांची डायरी जाहिरातींसकट जपायचीय. पद्धत सांगा.

नारायणपेठी: डागवाल्या आधी बाजूला काढा! ती बुरशी आहे, पुण्याच्या पावसाळ्यातली दमट कपाटं तिला फार मानवतात. तशीच लावलीत तर व्हीसीआरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या कॅसेटी बिघडवते. त्या दोन जाणकाराकडूनच साफ करून घ्या. उरलेल्या पाच एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून परत रिवाइंड करा. वर्षानुवर्षं पडून टेपचा ताण कमीजास्त झालेला असतो. कॅप्चर (संगणकावर घेणं) पाल पद्धतीत, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत, ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) फॉर्मॅटला तासाला साधारण १३ जीबी लागतात, डिस्क मोकळी ठेवा.

मृणाल_क: टीबीसी (टाइम बेस करेक्टर, कॅसेटच्या चित्राची लय स्थिर करणारं यंत्र) नसेल तर फ्रेम गळतात नि आवाज हळूहळू मागेपुढे होतो. शेखर बोलतोय आणि ओठ श्यामलाचे हलतायत! एलपीवर रेकॉर्डिंग असेल (म्हणजे टेप निम्म्या वेगाने, ई-१८० वर सहा तास) तर ज्या मशीनवर केलं तेच शोधा, दुसऱ्यावर ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या रेषांवर नेमकं बसणं) जुळवताना दमछाक होते.

नारायणपेठी: बरोबर. आणि डीइंटरलेस (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची एक अखंड फ्रेम करणं) कॅप्चर करताना नको, मूळ फाइल तशीच ठेवून नंतर प्रतीवर करा. प्रभावळकरांच्या चेहऱ्यावरच्या बारीक हालचाली त्या मूळ फाइलमध्येच टिकतात.