बॅलिस्टिक अ‍ॅप कुठलं घ्यावं, यावर एवढी डोकेफोड कशाला?

पाव मिल (धागाकर्ता)
लांब पल्ल्याची नेमबाजी सुरू केली की तिसऱ्या दिवशी एकच प्रश्न येतो: "अ‍ॅप कुठलं?" (म्हणजे गोळी, अंतर आणि हवा यांचे आकडे भरले की स्कोप किती फिरवायचा ते सांगणारं.) दोन महिने फोनवर चार अ‍ॅप्स ठेवली. .३०८ ची रायफल, १७५ ग्रेनची मॅच गोळी, नळीतून सुटताना वेग सेकंदाला ७९० मीटर, झीरो (नेम आणि गोळी जुळतात ते अंतर) १०० यार्डांवर. चौघांना हीच माहिती दिली आणि १००० यार्डांचं उत्तर मागितलं. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी उत्तरातला फरक ०.१ मिल (एक मिल म्हणजे १००० मीटरवर १ मीटर). म्हणजे स्कोपची एक क्लिक.

आश्चर्य काहीच नाही. आतलं गणित एकच आहे. गोळीच्या प्रवासाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात गुरुत्वाकर्षण आणि हवेचा अवरोध लावायचा, पुढे सरकायचं. बाकी रंग आणि बटणं.

माझा नेम कुठे चुकला ते सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. १५०० मीटर उंचीवरच्या रेंजवर गेलो होतो. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये हवेचा दाब १०१३ मिलिबार दिसला, तो तसाच भरला. तो आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. त्या उंचीवर खरा दाब ८४५ च्या आसपास. अ‍ॅपला वाटलं हवा दाट आहे, त्याने जास्त क्लिक सांगितल्या. ३०० मीटरवर काही कळलं नाही, पण १००० यार्डांवर गोळी लक्ष्याच्या लोखंडी प्लेटच्या डोक्यावरून गेली, जवळजवळ एक मिल वर. एका क्लिकच्या फरकासाठी अ‍ॅप निवडत बसलो होतो आणि दहा क्लिक एका रकान्यात घालवल्या. म्हणून म्हणतो, कुठलंही घ्या.

डॉप्लर
प्रयोग बरोबर, निष्कर्ष साफ चूक. तुम्ही चौघांना एकच बीसी भरवलात, मग उत्तर वेगळं येईलच कसं? चार स्वयंपाक्यांना एकच पीठ देऊन पोळ्या सारख्या झाल्या म्हणण्यासारखं आहे हे.

बीसी म्हणजे तुमची गोळी एका ठरावीक नमुन्याच्या मानाने हवा किती चांगली कापते, तो आकडा. जी१ चा नमुना सपाट बुडाचा, एकोणिसाव्या शतकातल्या तोफगोळ्यांच्या काळातला. जी७ चा लांब, निमुळत्या बुडाचा, म्हणून आजच्या मॅच गोळ्यांना जवळचा. पण जवळचा, तोच नव्हे. वेग आवाजाच्या वेगाच्या सव्वापटीखाली आला की प्रत्येक गोळी स्वतःच्या आकाराप्रमाणे वागते. आणि तुमची .३०८ समुद्रसपाटीला हजार यार्डांवर नेमकी त्या कड्यावर पोचते.

इथे अ‍ॅप-अ‍ॅपमध्ये फरक पडतो. अप्लाइड बॅलिस्टिक्स आणि गोळ्या बनवणाऱ्या हॉर्नाडीचं ४डीओएफ या अ‍ॅप्सकडे ठरावीक गोळ्यांचे प्रत्यक्ष मोजलेले अवरोधाचे आलेख आहेत. हॉर्नाडीने ते डॉप्लर रडारने मोजलेत. सरासरी बीसी आणि मोजलेला आलेख यांना एका पंगतीत बसवू नका. तुमची गोळी यादीत नसेल तर मात्र हा फायदा शून्य, हे कबूल.

जुनी वही
दोघांचंही वाचून हसू आलं. मी एफ-क्लास खेळतो, म्हणजे ठरावीक लांब अंतरावरच्या कागदी टार्गेटवरची नेमबाजी. अंतर आधीच माहीत, सुरुवातीला नेम बसवायच्या गोळ्या मिळतात, प्रत्येक गोळीनंतर खुणेची तबकडी दिसते. पहिली गोळी पाऊण मिल चुकली तर दुसरीला दुरुस्ती. उंचीचा प्रश्न तिथेच संपला.

राहतो वारा. आणि वारा अ‍ॅपला दिसत नाही हो! अंदाज सेकंदाला अर्ध्या मीटरने चुकला की .३०८ हजार यार्डांवर वीतभराहून जास्त सरकते. आणि वारा एकच नसतो. तुमच्यापाशी एक, मधल्या खोलगटात दुसरा, टार्गेटपाशी तिसरा. यंत्र हातातला वारा मोजतं. उरलेल्या ९०० यार्डांचा झेंड्यांवरून आणि स्कोपमध्ये लहरणाऱ्या हवेवरून वाचावा लागतो. ज्याला ते येत नाही त्याला अ‍ॅप दोन दशांशांपर्यंत चुकीचं उत्तर देतं, एवढंच.

आणखी एक. स्ट्रेलोक प्रो हे बॅलिस्टिक अ‍ॅप आठवतंय ना? अर्धी दुनिया त्यावर होती, मग एक दिवस ते स्टोअरमधूनच काढलं गेलं. फोन बदलला त्यांच्या सगळ्या नोंदी अडकल्या. माझी वही कुणी काढून घेतलेली नाही.

उलटा वारा
@जुनी वही, एफ-क्लासपुरतं सगळं मान्य. पण पीआरएसच्या (प्रिसिजन रायफल सिरीज) धाटणीच्या स्पर्धेत नेम बसवायच्या गोळ्या मिळत नाहीत. दीड-दोन मिनिटांत वेगवेगळ्या अंतरांवरच्या प्लेटा, कधी अडसरावर रायफल टेकवून, कधी गुडघ्यावर. तिथे पहिलीच गोळी मोजतात. तुमच्या वहीत हिवाळ्यातल्या सकाळचे आकडे, स्पर्धा भर उन्हात. बारूद तापलं की वेग वाढतो, हवा तापली की पातळ होते, दोन्ही मिळून गोळी वर. मधले आकडे वही देत नाही.

पण अ‍ॅपमधली सगळ्यात धोक्याची सोय कोणती विचाराल, तर ट्रूइंग. गोळी जिथे लागली ते सांगा, अ‍ॅप वेग "दुरुस्त" करून देतं. आमच्यातला एक जण ८०० मीटरवर सारखा खाली लागत होता. त्याने ट्रूइंग केलं, वेग क्रोनोग्राफने (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मोजलेल्यापेक्षा सेकंदाला सात मीटरने कमी झाला, गोळ्या बसायला लागल्या, गडी खूश. पुढे त्याने स्कोप बदलला आणि सगळं वर जायला लागलं. मग जुना स्कोप पुन्हा लावून तपासला. १०० मीटरवर उंच कागद लावला, ओळंब्याने सरळ रेघ मारली, १० मिल फिरवलं. खूण बरोबर १ मीटर सरकायला हवी. सरकली ९८ सेंटिमीटर! दोष स्कोपचा आणि शिक्षा वेगाला. म्हणून अ‍ॅपमध्ये क्लिकच्या खऱ्या मापाचा रकाना आहे की नाही, हे मी सगळ्यात आधी बघतो. सगळ्यांत नसतो.

नवखा ३००
मला एक सांगा, आर्द्रतेचा रकाना भरायचा राहिला तर? आणि मी बीसीच्या जागी डब्यावरचा ०.५०५ टाकलाय, समोर जी७ निवडलंय. ठीक ना?

डॉप्लर
@नवखा, आर्द्रता राहिली तर राहू द्या, फरक नगण्य. (दमट हवा उलट हलकी असते, गंमत म्हणून सांगतो.) पण ०.५०५ हा जी१ चा आकडा! जी७ मध्ये त्याच गोळीचा ०.२४३ च्या आसपास येतो. तुम्ही अ‍ॅपला सांगितलंय की गोळी आहे त्याच्या दुप्पट चांगली हवा कापते. ६०० वर सरळ मातीत जाईल. आत्ता बदला.

पाव मिल
बघा, हाच माझा मुद्दा. आलेख, रडार सगळं बाजूला राहिलं, गोळी मातीत गेली एका रकान्यामुळे.

तरी डॉप्लर आणि उलटा वारा यांचं वाचून थोडा मागे येतो. "कुठलंही घ्या" जरा जास्तच झालं. जे अ‍ॅप दाबाच्या रकान्यापाशी "जागेवरचा की समुद्रसपाटीचा" असं स्पष्ट विचारतं, ते घ्या. रेंजवर नेटवर्क नसताना चालतं आणि नोंदी बाहेर काढू देतं, ते घ्या. मोजलेला आलेख मिळाला तर दुधात साखर. पण तो आलेख हजार यार्डांच्या आत एका क्लिकपेक्षा जास्त फरक पाडतो, हे माझ्या रायफलवर दिसल्याशिवाय मानणार नाही.

डॉप्लर
मग दाखवा करून. थंड सकाळी, समुद्रसपाटीच्या जवळ, हजार यार्डांवर दहा गोळ्या. एका बाजूला जी७ चं उत्तर, दुसऱ्या बाजूला आलेखाचं, आधी लिहून ठेवलेलं. ट्रूइंग बंद. गटाचा मध्य कुठे पडतो ते बघू.

पाव मिल
मंजूर. उंचीच मोजायची आहे, तेव्हा वाऱ्याची कटकट तरी नाही.

जुनी वही
नाही कशी? बाजूचा वारा गोळी थोडी वर-खालीही नेतो. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) नळीत वारा उजवीकडून आला की वर, डावीकडून आला की खाली. माझ्या वहीत पानोपानी आहे.

उलटा वारा
याला एरोडायनॅमिक जंप म्हणतात, ४डीओएफ ते धरतं.

जुनी वही
नाव आज कळलं. @पाव मिल, प्रत्येक गोळीला वारा किती आणि कुठून धरला ते सुटण्याआधी लिहा. गोळी लागल्यावर सगळ्यांनाच वारा बरोबर कळतो.